लाईट गेली तेव्हा जगले, आली तेव्हा मेले (वादळ, वीज आणि घरातली माशांची टाकी)

घोडबंदरची मासोळी (धागाकर्ती)

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसलेय, तेही चार दिवसांनी, कारण टाकीकडे बघवतच नव्हतं.

कासारवडवलीला राहते, नववा मजला. हॉलमध्ये तीन फुटी टाकी, पाणी साधारण शंभर लिटर. चार एंजल, आठ निऑन टेट्रा, दोन गौरामी, एक सकर आणि लेकीच्या हट्टापायी आणलेले दोन गोल्डफिश. (माहितीये, एंजलबरोबर गोल्डफिश ठेवत नाहीत. त्यावरून नंतर ओरडा.) खाली कपाटात कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर. आधी एअर पंप होता, पण कॅनिस्टर आल्यावर त्याची घरघर कशाला म्हणून काढून माळ्यावर टाकला.

मंगळवारी संध्याकाळी सातला ते वादळ आलं. आधी धूळ, मग वारा, मग पाऊस. सोसायटीच्या गेटसमोरचा गुलमोहर तारा घेऊनच आडवा झाला. लाईट गेली ती पहाटे चारला आली. नऊ तास मी टाकीशेजारी स्टूल टाकून बसले होते. झाकण काढून ठेवलं, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्यानं पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत राहिले. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, पण एकूण एक जिवंत. चारला पंखा फिरला, फिल्टर आपोआप चालू झाला. मी देवाला हात जोडले आणि आडवी झाले.

सातला उठून बघते तर पाणी गढूळ, आठही निऑन गेलेले, तीन एंजल आडवे, दोन्ही गोल्डफिश तळाशी. उरले दोन गौरामी, सकर आणि एक एंजल, तोही कसाबसा.

नऊ तास अंधारात तगले आणि लाईट आल्यावर तीन तासांत गेले. हे गणित मला सुटत नाहीये. पावसाळा तर अजून सुरूही झालेला नाही.

निवांत

वाईट वाटलं वाचून. नऊ तास तांब्या! हात राहिला का जागेवर?

तिसरा मजला, ऐरोली

एकच प्रश्न. लाईट आल्यावर फिल्टर सुरू झाला तेव्हा कसला वास आला का?

घोडबंदरची मासोळी

हो!! कुजक्या अंड्यासारखा. मला वाटलं वादळानं खालची गटारं तुंबली असतील. खिडकी लावून झोपले. का?

तिसरा मजला, ऐरोली

मग उत्तर तिथेच आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण याच चुकीत माझीही अर्धी टाकी गेली होती.

कॅनिस्टरच्या आत जो स्पंज आणि ज्या सिरॅमिकच्या नळ्या असतात, त्यांच्यावर टाकीतले उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. फिल्टर चालू असताना तो वाहत्या पाण्याबरोबर मिळत राहतो. लाईट गेली की डबा बंद, पाणी उभं. आत जिवाणूही भरपूर, साचलेली घाणही भरपूर. असलेला ऑक्सिजन ते थोड्याच वेळात संपवतात. मग ते मरायला लागतात, आणि त्यांच्या जागी ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचा कारभार सुरू होतो. तो अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. माशांना विषच.

नऊ तास ते सगळं तुमच्या कपाटात मुरत पडलं होतं. चारला मोटर सुरू झाली आणि सगळा डबाच्या डबा टाकीत रिकामा झाला. आधीच धापा टाकणाऱ्या माशांवर ऑक्सिजन नसलेलं, सडकं पाणी.

आता वाचलं कोण ते बघा. गौरामी आणि सकर. गौरामीला पाण्याबाहेरची हवा घ्यायचा वेगळा अवयव असतो, फायटर माशाला असतो तसाच. सकर वर येऊन हवा गिळतो आणि ती त्याच्या पोटातून शोषली जाते. म्हणजे ज्यांना पाण्याच्या भरवशावर राहायची गरज नव्हती ते राहिले. तो एंजल मात्र नशिबाचा.

माझी गोष्ट १२ ऑक्टोबर २०२०ची. सोमवार, सकाळचे दहा. कळवा-पडघा वाहिनी बंद पडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. वादळ नाही, पाऊस नाही, त्यामुळे 'येईल आता' म्हणत बसलो. आमच्या गल्लीत आली दुपारी. फिल्टर तसाच सुरू झाला. संध्याकाळपर्यंत सहा रासबोरा गेल्या.

तेव्हापासून माझा नियम: लाईट गेली की पहिल्यांदा फिल्टरचा प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, म्हणजे आपण झोपेत असताना तो परस्पर सुरू होत नाही. तासाभरात लाईट आली तर लावून टाका. दोन-तीन तासांच्या वर गेलं तर कॅनिस्टर उघडा, आतलं पाणी बेसिनमध्ये ओता, स्पंज आणि नळ्या एका परातीत पसरून टाकीच्याच पाण्यानं नुसत्या ओल्या ठेवा. बुडवायच्या नाहीत. ओल्या राहिल्या आणि हवा लागत राहिली की जिवाणू टिकतात. लाईट आली की टाकीच्या पाण्यात खळखळून परत भरायच्या. नळाखाली धुवायच्या नाहीत, क्लोरीननं उरलेसुरलेही मरतात.

घोडबंदरची मासोळी

म्हणजे मी स्वतःच मारले.

तिसरा मजला, ऐरोली

नाही हो. तुमच्या तांब्यानंच ते पहाटे चारपर्यंत जगले. फिल्टरच्या खोक्यावर हे कुणी लिहीत नाही.

सीवूड्सची कोळंबी

+१. मी वर्षानुवर्षं परदेशी व्हिडिओ बघून घाबरत होते. लाईट गेली की टाकीला गोधडी गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या सोडा, हीटर, हीटर, हीटर. अहो, त्यांच्याकडे बाहेर बर्फ पडलेला असतो! आपल्याकडे जुलैतसुद्धा टाकीचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली जात नाही. आपला शत्रू उलटा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशाला ७.५. आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. दोन्हीकडून मार.

म्हणून मे महिन्यातलं वादळ जास्त वाईट. १७ मे २०२१ला तौक्ते गेलं तेव्हा वाऱ्यानं आमच्या बाल्कनीतलं पत्र्याचं शेड उचललं, आणि घरात टाकी बत्तीस अंशांवर. बर्फाची बाटली कापडात गुंडाळून तरंगत सोडली होती. एका वेळी एकच, आणि अर्ध्या तासानं बाहेर. एकदम थंड केलं तर तो आणखी एक धक्का.

गोधडी मात्र पांघरून झोपावं. मासे काय म्हणतील ते म्हणतील.

जांभळी नाका

इथे माणसं नऊ तास घामानं निथळली, आमच्या लिफ्टमध्ये एक आजी अडकल्या, आणि धागा कशाचा तर माशांच्या श्वासाचा. एवढंच प्रेम असेल तर तलावपाळीला नेऊन सोडा, सुखानं राहतील.

ठाणेकर आजोबा

बाळा, माणसाला खिडकी उघडता येते. काचेच्या डब्यातल्या जिवाला ती सोय नाही, आणि त्याला डब्यात आपणच घातलंय.

आणि तलावात सोडायचं बोलू नकोस. सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा. अंगावर चिलखत, त्याला खाणारं आपल्याकडे फारसं कुणी नाही. तलावात गेला की काठाला बिळं पाडतो, तळ खरवडतो, इथल्या माशांचं खाणं संपवतो. भारतातल्या कितीतरी तळ्यांत आधीच माजलाय तो. मासुंदा असो नाहीतर उपवन, टाकीतला मासा तिथे सोडणं हे पुण्य नव्हे. नकोसा झाला तर दुकानदार परत घेतो.

आता मूळ मुद्दा. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. मी तेव्हा नौपाड्यात तळमजल्याला होतो. घरात गुडघाभर पाणी. टाकी उंच टेबलावर म्हणून वाचली, पण लाईट दोन दिवस नाही. पॉवर बँक वगैरे तेव्हा ऐकलेलंही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाला होता, त्याच्याकडून रिक्षाची जुनी ट्यूब आणली.

करायचं असं. ट्यूबच्या तोंडातली पिन काढायची. तिथे एअर पंपाची नळी खुपसून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायची. पुढे प्लास्टिकचा टी. त्याच्या एका फाट्याला हवा भरायचा पायपंप, दुसऱ्याला टाकीतला बुडबुडे सोडणारा हवेचा दगड. दोन्ही फाट्यांवर चिमटीएवढे नॉब मिळतात, ते बसवायचे. दगडाचा नॉब बंद ठेवून हवा भरायची, मग पंपाचा बंद करून दगडाचा केसभर उघडायचा. ट्यूब टम्म फुगवायची नाही, नाहीतर सांधा फटकन सुटतो आणि घरातले सगळे दचकतात. जुन्या ट्यूबमध्ये पांढरी भुकटी असते, म्हणून पहिली हवा टाकीत न सोडता बाहेर सोडून द्यायची. नॉब नीट जुळला तर बारीक बुडबुड्यांची एकच ओळ चढत राहते, आणि तेवढी पुरते. ट्यूब बसली की पुन्हा भरायची. त्या दोन रात्री मी आणि थोरला मुलगा पाळीपाळीनं पाय मारत होतो.

मोजून अठरा मासे होते. दोन गेले. एक तर आधीपासूनच आजारी होता.

निवांत

आजोबा, दंडवत.

जांभळी नाका

सकरचं माहीत नव्हतं. तलावाचे शब्द मागे. आजींचं दुःख कायम.

वायरमन भाऊ

व्यवसायानं इलेक्ट्रिशियन, शौकानं ऑस्कर मासेवाला. विजेचं थोडं बोलतो.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी हॉलच्या टाकीचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे आजच बघा. निम्म्या घरांत नसतो. फ्लॅट घेताना वायरिंगवाल्यानं पंखे-दिवे घेतलेले असतात, टाकी नंतर येते. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी, बारा व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले हजार-बाराशे हातात पडतात असं धरा. एअर पंप खातो तीन ते पाच वॉट. जुना छताचा पंखा खातो पंचाहत्तर. म्हणजे एका पंख्यात पंधरा एअर पंप! रात्री एक पंखा बंद केलात तर टाकीची चिंता मिटली. घरच्यांना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या घरी मतदानात ऑस्कर हरला.

इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरचा यूपीएस. त्याच्या आतली बॅटरी बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची, ८४ वॉट-तास. तो स्वतःच बरंच खातो, त्यामुळे पंपाला काही तास मिळतात. जुनी बॅटरी असेल तर त्याच्या निम्मे. शिवाय काही यूपीएस भार फारच कमी असला की आपले आपण बंद होतात.

याहून महत्त्वाची गोष्ट वीस-तीस रुपयांची आहे: नळीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. एअर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवलेला असेल आणि लाईट गेली, तर नळीतून पाणी उलटं पंपात आणि तिथून बोर्डावर येऊ शकतं. एका गिऱ्हाईकाच्या घरी सकाळी निम्मी टाकी फरशीवर आणि एक्स्टेंशन बोर्ड त्यात तरंगताना पाहिलाय मी. व्हॉल्व्ह बसवा किंवा पंपच टाकीच्या वर ठेवा. आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

अंधारात ओल्या हातानं प्लग काढायचा नाही. आधी मेन बंद, हात पुसा, मग प्लग. लाईट परत येताना व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा हीटर आणि महागडे दिवे पाच-दहा मिनिटं थांबून लावा. पाणी काढून पातळी खाली गेली असेल तर हीटर उघडा पडून तडकतो.

सीवूड्सची कोळंबी

भाऊंच्या गणितात भर. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप घ्या. साधारण एक वॉट खातो. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास असतात, जाता जाता पंचवीसेक हाती लागतात, म्हणजे अख्खा एक दिवस. दोन मोठ्या सेलवर चालणारेही पंप मिळतात, पण सेल ऐन वेळी विरघळलेले निघतात. माझे निघाले.

मात्र एक मेख आहे. कितीतरी पॉवर बँका फोन चार्ज झाला असं समजून, करंट कमी ओढला जातोय म्हणून, मिनिटभरात बंद होतात. बिचाऱ्या पंपाची भूकच तेवढी नसते. तुम्ही पंप लावून झोपायला जाणार आणि तो तुमच्या आधी झोपणार. म्हणून एखाद्या रविवारी लावून तासभर बघा. बंद पडत असेल तर दुसऱ्या पोर्टला यूएसबीचा छोटा दिवा लावा, भार वाढतो आणि बँक जागी राहते. दिवा टाकीवर मात्र पाडू नका, मासेही झोपतात.

नेरूळ सेक्टर

माझी वनस्पतींची टाकी आहे, गच्च. झाडं ऑक्सिजन देतात ना? मग मला काय काळजी?

तिसरा मजला, ऐरोली

दिवसा देतात, तीही उजेड असेल तर. अंधारात तीच झाडं माशांसारखा ऑक्सिजन घेतात. म्हणजे रात्री लाईट गेली तर गच्च टाकीला धोका जास्त. झाडांसाठी सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर विजेवरची झडप आपोआप बंद होते. पण बाटलीत साखर-यीस्टचं घरगुती मिश्रण लावलेलं असेल तर ते लाईट गेलेली ओळखत नाही. ती नळी हातानं बाहेर काढा.

नेरूळ सेक्टर

यीस्टचंच आहे. आत्ताच उठून बघून आलो. धन्यवाद.

कोपरी पूल

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकला तर ऑक्सिजन मिळतो असं वाचलं. मेडिकलमध्ये मिळतो. कुणी केलंय?

ठाणेकर आजोबा

मिळतो. जरा जास्त पडला तर मासे, झाडं आणि फिल्टरचे जिवाणू एकदम जातात. अंधारात, घाबरलेल्या हातानं, थेंब मोजत बसायचं ते काम नव्हे. तांब्या घ्या.

दुकानवाला

आमचं नवी मुंबईत छोटं मत्स्यालयाचं दुकान आहे. जाहिरात करत नाही, नावही सांगत नाही. एक उपाय कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो.

कुर्ल्याहून माल येतो तो पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून. असं भरलेला मासा उपाशी असेल तर एक दिवस आरामात काढतो. वादळात जवळच्या दुकानात सिलिंडर असेल आणि रस्ता चालू असेल तर मौल्यवान मासा भरून घ्या, साधारण कुणी नाही म्हणत नाही. पिशवी थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची. सोडताना मात्र उघडी पिशवी बुडबुडे देत तासभर ठेवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यात अमोनिया फारसा बाधत नाही. उघडली की वायू उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि तोच अमोनिया डसायला लागतो. तापमान जुळवायचं ते बंद पिशवी तरंगत ठेवूनच. उघडली की लगेच मासा जाळीनं उचलून टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत.

आणखी एक. वादळाचा इशारा आला की आमच्याकडे लोक पंप घ्यायला रांग लावतात. त्याऐवजी त्या दिवशी माशांना खायला घालू नका. मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. खाल्लेलं पचवायला त्याला ऑक्सिजन लागतो, आणि न खाल्लेलं पाणी कुजवतं. याला पैसे पडत नाहीत, म्हणून कुणी ऐकत नाही.

कोपरी पूल

पाणी बदललं तर? ताज्या पाण्यात ऑक्सिजन असतोच की.

घोडबंदरची मासोळी

मी तोच विचार केला होता त्या रात्री. पण लाईट नाही म्हणजे सोसायटीचा पंप नाही, पंप नाही म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी नाही. दहा वाजता नळ फुस्स झाला. पिण्याचे दोन हंडे होते, ते माशांना दिले असते तर घरात दुसरं वादळ झालं असतं.

वायरमन भाऊ

म्हणून इशारा आला की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून उघड्या ठेवायच्या. क्लोरीनही उडतो. घाई असेल तर हायपोचे (क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे) थेंब. आणि गच्चीवरून पडणारं पावसाचं पाणी थेट टाकीत नको. आपल्याकडचं धरणाचं पाणी आधीच मऊ, पावसाचं त्याहून मऊ, पीएच गडगडतो. वर कबुतरांची कृपा असते ती वेगळीच.

निवांत

एक बाळबोध प्रश्न. मासे जास्त असतील तर?

ठाणेकर आजोबा

तोच खरा प्रश्न आहे, बाळबोध नाही. टाकीत हवा येते ती वरच्या पृष्ठभागातून. बुडबुडे जे काम करतात ते मुख्यतः पाणी खालीवर करून. म्हणून उंच, अरुंद टाकीपेक्षा पसरट बरी. माझ्या ओळखीतल्या एकांनी निसर्ग वादळात, ३ जून २०२०ला, गोल्डफिश चक्क नातवाच्या आंघोळीच्या टबात हलवले. वीतभर पाणी, वर मच्छरदाणीचा तुकडा. सगळे राहिले.

विजेवर टाकी चालते तेव्हा आपण तिच्यात दुप्पट मासे घालतो. लाईट गेली की समजतं, टाकी खरी केवढी आहे ते.

सीवूड्सची कोळंबी

धागाकर्तीताई, आता टाकीचं काय करताय? जिवाणू गेलेत असं धरून चाला. दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, खाणं चिमूटभर, अमोनियाचं टेस्ट किट मिळालं तर बघत राहा. महिनाभर नवे मासे नकोत. आणि लेकीला खरं सांगा. माझ्या मुलाला मी 'देवाघरी गेले' सांगितलं, तर त्यानं विचारलं, देवाकडे इन्व्हर्टर आहे का?

घोडबंदरची मासोळी

😄 बऱ्याच दिवसांनी हसले.

घोडबंदरची मासोळी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, परीक्षा झाली. परवा रात्री दीडला गेली, सकाळी सहाला आली. साडेचार तास.

अंधारात पहिल्यांदा हात पुसले. (भाऊ, आठवण ठेवली.) मग फिल्टरचा प्लग काढला. यूएसबी पंप रविवारीच तपासला होता आणि ताई म्हणाल्या तसाच झाला, मिनिटभरात पॉवर बँक झोपली. त्यामुळे लेकीचा सशाचा दिवा दुसऱ्या पोर्टला तयारच होता. ससा रात्रभर सोफ्यामागे गुलाबी प्रकाश पाडत होता आणि पंप चालू होता.

साडेतीनला कॅनिस्टर उघडला. दोनच तास झाले होते, वास नव्हता, तरी पाणी जरा कुबट वाटलं. ओतून टाकलं. नळ्या पुरणपोळीच्या परातीत पसरल्या. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, मोबाईलच्या उजेडात परात बघितली आणि काही न बोलता परत गेल्या. सकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, "ती परात आता माशांचीच."

सवयीनं थोडा वेळ तांब्याही चालवला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सकाळी लिफ्टमध्ये विचारलं, तुमच्याकडे पहाटे अंघोळीला कोण बसतं हो?

चारही जण ठीक. सहाला लाईट आली, मी साडेसहाला सगळं खळखळून लावलं, आधी दोन मिनिटं फिल्टरची नळी बादलीत सोडून पाणी वाहू दिलं आणि वास घेऊन मगच टाकीत सोडली. गोल्डफिश परत आणणार नाही. त्या एंजलचं नाव लेकीनं 'चिवट' ठेवलंय.

तिसरा मजला, ऐरोली

नळी आधी बादलीत सोडायची हे मला सुचलं नव्हतं. घेतो.

जांभळी नाका

एक विचारू का? बायकोनं काल फायटर आणलाय, बरणीत. त्याला लाईट गेल्यावर काय लागतं?

ठाणेकर आजोबा

हवा तो वरची घेतो, पंपाचं काही नाही. बरणी मात्र लहान आहे. निदान पंधरा लिटरचं भांडं बघ, पाणी वेळेवर बदल, आणि वर झाकण ठेव, उडी मारतो.

जांभळी नाका

बघतो. आणि आजोबा, ती रिक्षाची ट्यूब केवढ्याला पडली होती?

ठाणेकर आजोबा

पंक्चरवाल्यानं फुकट दिली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून दोन गप्पी घेऊन गेला.